लुडबुड नव्हे, अभ्यास!

दीड-दोन वर्षांचे मूल ज्या घरात असेल त्या घरात दिवसातून दहा वेळा तरी एक वाक्य ऐकू येते : “मी कलणाल!” वरणभात स्वतःच्या हाताने खायचा असतो, पण निम्मा भात सदऱ्यावर सांडतो. चप्पल स्वतः घालायची असते, पण डावी चप्पल उजव्या पायात जाते. आई कणीक मळायला बसली की परातीत आणखी दोन चिमुकले हात येतात. मोठी माणसे या साऱ्याला ‘लुडबुड’ म्हणतात. त्यांना कामाची घाई असते. मग आपण चमचा काढून घेतो, चप्पल चढवतो आणि परात दूर सरकवतो. आपले काम दोन मिनिटांत होते, मूल मात्र भोकाड पसरते.

विद्यार्थी मित्रांनो, या भांडणात बरोबर कोण? मूल हट्टी आहे म्हणून रडते, की त्याचे एखादे महत्त्वाचे काम आपण अर्ध्यावर मोडतो म्हणून रडते? पदार्थविज्ञान शिकवणाऱ्याने हा प्रश्न का विचारावा, असे तुम्हाला वाटेल. पण एक ते तीन वर्षांचे मूल जे करीत असते त्यात तोल, घर्षण, वजन, प्रवाह आणि आकारमान यांचेच प्रयोग अधिक असतात. प्रयोगशाळेत आपण जे करतो तेच ते करते : करून पाहते, चुकते आणि पुन्हा करते. बालशिक्षणाचे शास्त्र गेल्या शंभराहून अधिक वर्षांत याच गोष्टीभोवती उभे राहिले आहे.

तासाला सतरा वेळा पडणे

चालायला शिकण्यापासून सुरुवात करू. मूल चालायला कसे शिकते हे आपण सारेच पाहतो, पण मोजत कोणी नाही. न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधिका कॅरन अॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मोजले आणि २०१२ साली प्रसिद्ध केले. १२ ते १९ महिन्यांची मुले मोकळेपणी खेळत असताना त्यांचे चित्रीकरण करून पावले मोजली. सरासरी उत्तर असे आले : एका तासात २,३६८ पावले, सुमारे ७०० मीटर अंतर आणि १७ वेळा पडणे! तुम्हाला एखाद्या कामात तासाला सतरा वेळा अपयश आले तर तुम्ही ते काम किती दिवस कराल? मूल मात्र पडते, उठते आणि पुन्हा चालू लागते.

ते इतके का पडते, हे समजण्यासाठी एक सोपा प्रयोग करा. मोकळ्या जागेत जाऊन तळहातावर एक लांब काठी उभी तोलून पाहा. थोड्या सरावाने ती काही सेकंद उभी राहते. आता तिच्या जागी पेन्सिल घ्या. पेन्सिल क्षणार्धात आडवी होते. काठी लांब असेल तर ती हळू कलते आणि आपल्याला हात हलवून तोल सावरायला वेळ मिळतो. कलण्याला लागणारा वेळ लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. दीड मीटर लांबीची काठी १५ सेंटिमीटरच्या पेन्सिलीच्या दसपट लांब असते, म्हणून तिला कलायला सुमारे तिप्पट वेळ लागतो.

मूल म्हणजे आपल्या तुलनेने पेन्सिलच! ७५ सेंटिमीटर उंचीच्या मुलापेक्षा १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाला तोल सावरायला जवळजवळ दीडपट वेळ मिळतो. त्यातून मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि जड असते. साहजिकच गुरुत्वमध्य वर जातो. म्हणूनच नुकते चालू लागलेले मूल पाय फाकवून, हात वर धरून चालते. पाय फाकवले की आधाराचे क्षेत्र रुंद होते. हे त्याला कोणी शिकवलेले नसते.

पण लहान असण्याचा एक फायदाही आहे. वस्तू किती उंचीवरून पडते आणि तिचे वस्तुमान किती, यावर आघाताची ऊर्जा अवलंबून असते. १० किलोग्रॅम वजनाच्या मुलाचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ४० सेंटिमीटरवर आहे असे धरा. तो जमिनीपर्यंत खाली आला तर सुमारे ४० ज्यूल ऊर्जा मोकळी होईल. ६० किलोग्रॅमच्या प्रौढ माणसाचा गुरुत्वमध्य ९० सेंटिमीटरवर धरला तर हाच आकडा सुमारे ५४० ज्यूल येतो, म्हणजे तेरापटींहून अधिक. (गुरुत्वमध्य प्रत्यक्षात अगदी जमिनीला टेकत नाही, त्यामुळे खरे आकडे काहीसे कमी असतील, पण तुलना साधारण अशीच राहील.) सपाट जमिनीवर मूल पडले तर बहुधा रडून उठते, आजोबा पडले तर हाड मोडते. याचा अर्थ असा की, चुका स्वस्त असण्याचे हेच वय आहे. ज्या वयात चूक स्वस्त असते त्या वयात ती भरपूर करू देणे हे शहाणपणाचे आहे.

एकाचे शिकणे दुसऱ्याला देता येत नाही

याच संशोधिकेचा आणखी एक जुना प्रयोग फार बोलका आहे. तिने एक फळी तयार केली. तिचा उतार सपाटीपासून ३६ अंशांपर्यंत कमीअधिक करता येई. मुलांना फळीच्या वरच्या टोकाला ठेवायचे, खाली आईवडिलांनी बोलवायचे आणि मूल पडू लागले तर झेलायला एक माणूस शेजारी उभा ठेवायचा. नुकतीच रांगू लागलेली मुले कितीही तीव्र उतारावर बेधडक निघत आणि घसरत. आठवड्यांमागून आठवडे रांगल्यावर मात्र ती उताराच्या टोकाशी थांबू लागली. तीव्र उतार असेल तर हाताने चाचपत, नाही तर सरळ माघार घेत.

आता गंमत पाहा. हीच मुले दोन पायांवर चालू लागली तेव्हा काय झाले? ज्या उतारावर रांगताना ती शहाणपणाने थांबत होती, त्याच उतारावर आता ती पुन्हा बेधडक निघाली! रांगताना कमावलेले ज्ञान चालताना उपयोगी पडले नाही. ‘उतार धोक्याचा असतो’ असा सर्वसाधारण नियम मूल शिकत नाही. ‘माझे हे शरीर, या पवित्र्यात, या उतारावर काय करू शकेल’ हे ते शिकते. पवित्रा बदलला की पाटी कोरी.

यातून बालशिक्षणाचे पहिले सूत्र हाती येते. असे ज्ञान सांगून देता येत नाही. मुलाच्या वतीने आईला शिकता येत नाही, की बाईंना शिकता येत नाही. मोठ्यांनी करायचे ते एवढेच : प्रयोगासाठी सुरक्षित जागा द्यायची, पुरेसा वेळ द्यायचा आणि झेलायला शेजारी उभे राहायचे.

रोममधील ‘मुलांचे घर’

नेमके हेच एका डॉक्टर बाईंनी फार पूर्वी ओळखले होते. मारिया मॉन्टेसरी यांचा जन्म १८७० साली इटलीत झाला. १८९६ साली त्या रोम विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेऊन बाहेर पडल्या. त्या काळी इटलीत स्त्री-डॉक्टर ही दुर्मीळ गोष्ट होती. प्रथम त्यांनी मतिमंद समजल्या जाणाऱ्या मुलांसाठी काम केले आणि पुढे ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत ‘मुलांचे घर’ सुरू केले. आईबाप कामावर गेले की वस्तीतील लहान मुले दिवसभर जिन्यांत हुंदडत आणि भिंती खराब करीत. त्यांना कुठे तरी सांभाळावे, एवढाच इमारतीच्या व्यवस्थापकांचा हेतू होता. पन्नासएक मुले जमली. मॉन्टेसरीबाईंनी त्यांच्याकडे डॉक्टरच्या नजरेने, म्हणजे निरीक्षकाच्या नजरेने पाहिले.

त्यांनी पहिला बदल केला तो खुर्च्या-टेबलांत. तोवर शाळांतील बाके जड आणि जमिनीला खिळलेली असत. मुलांनी हलू नये हाच त्यामागचा उद्देश. मॉन्टेसरीबाईंनी मुलाला उचलता येतील अशा हलक्या, बुटक्या खुर्च्या करून घेतल्या. मूल बेपर्वाईने वळले तर खुर्ची पडेल आणि आवाज होईल. तो आवाजच मुलाला सांगेल की आपली हालचाल चुकली. बाईंनी ओरडण्याची गरज नाही.

या युक्तीत मॉन्टेसरी पद्धतीचे सारे मर्म आहे. त्यांच्या साधनांमधील दट्ट्यांचा ठोकळा पाहा. एका लाकडी ठोकळ्यात दहा खोबणी आणि त्यांत बसणारे दहा दट्टे. प्रत्येक दट्ट्याला धरायला छोटी मूठ. मूल सारे दट्टे काढते, मिसळते आणि पुन्हा बसवते. एखादा बारीक दट्टा मोठ्या खोबणीत गेला, तर शेवटी एक जाड दट्टा हातात उरतो आणि तो उरलेल्या खोबणीत शिरत नाही. ‘चूक’ असे कोणी म्हणत नाही. ठोकळाच ते म्हणतो. मूल थांबते, पाहते, सारे पुन्हा काढते. यंत्रशास्त्रात याला फीडबॅक म्हणतात. आपण केलेल्या कृतीचा परिणाम आपल्याकडे परत येतो आणि पुढची कृती सुधारतो. विजेच्या इस्त्रीतील उष्णतानियंत्रक याच तत्त्वावर चालतो.

गुलाबी मनोरा तर पदार्थविज्ञानाचा धडाच आहे. दहा लाकडी घन. सर्वांत लहानाची बाजू १ सेंटिमीटर आणि सर्वांत मोठ्याची १० सेंटिमीटर. एकावर एक रचले की ५५ सेंटिमीटरचा मनोरा होतो. बाजू दसपट झाली, पण घनफळ किती पट झाले? हजारपट! लाकूड एकच असल्यामुळे वजनही हजारपट. ‘घनफळ बाजूच्या घनाच्या प्रमाणात बदलते’ हे सूत्र तुम्ही माध्यमिक शाळेत वहीत लिहिता. तीन वर्षांच्या मुलाला सूत्र येत नाही, पण सर्वांत खालचा घन उचलायला दोन्ही हात लागतात आणि सर्वांत वरचा चिमटीत मावतो, हे त्याच्या स्नायूंना ठाऊक होते.

या साधनांहूनही महत्त्वाची होती ती रोजची कामे : गुंड्या लावणे, पाणी ओतणे, टेबल पुसणे, ताटे मांडणे. मॉन्टेसरीबाईंनी मुलांच्या हातात खरी काचेची आणि चिनी मातीची भांडी दिली. न फुटणारे भांडे कसेही धरले तरी चालते, म्हणून ते काही शिकवीत नाही. फुटू शकणारे भांडे जपून धरायला शिकवते.

तांब्यातून फुलपात्रात पाणी ओतताना काय काय घडते ते पाहा. एका हाताने तांब्याचे वजन पेलायचे, मनगट हळूहळू वळवायचे आणि धार कुठे पडते यावर डोळा ठेवायचा. तांब्या रिकामा होत जातो तसे वजन बदलते आणि पाणी ओठाशी येण्यासाठी तो अधिकाधिक कलवावा लागतो. शिवाय फुलपात्र भरायच्या थोडे आधीच थांबायचे. थांबणे हा यातला सर्वांत कठीण भाग आहे.

मेंदूत काय घडते?

नवजात मुलाचा मेंदू प्रौढाच्या मेंदूच्या साधारण पाव वजनाचा असतो. पहिल्या दोन-तीन वर्षांत तो फार झपाट्याने वाढतो. ही वाढ मुख्यतः नव्या मज्जापेशींची नसते. पेशींमधील जोडण्यांची आणि मज्जातंतूंवर चढणाऱ्या मायलिन नावाच्या मेदयुक्त आवरणाची असते. आवरण नसलेल्या तंतूतून संदेश सेकंदाला एक-दोन मीटर एवढ्याच वेगाने जातो. जाड आवरण असलेल्या तंतूतून तो सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास वेगानेही जाऊ शकतो. जोडण्या प्रथम गरजेपेक्षा जास्त तयार होतात. ज्या वापरल्या जातात त्या बळकट होतात आणि न वापरलेल्या पुष्कळशा गळून जातात. माळरानावर पायवाट पडते तसेच हे आहे. ज्या वाटेने पावले जातात ती वाट रुळते, बाकीच्या ठिकाणी गवत वाढते.

कपाळामागे असलेला मेंदूचा भाग सर्वांत सावकाश, अगदी विशीपर्यंत, पक्व होत राहतो. स्वतःला आवरणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, ठरवलेले काम मनात धरून पुरे करणे ही या भागाची कामे. पाणी ओतताना वेळेवर थांबणारे मूल ही कामे करायला शिकत असते. स्वावलंबन म्हणजे मन मानेल तसे वागणे नव्हे, तर स्वतःच्या हाताला स्वतः लगाम घालता येणे होय.

बाहीत हात कोण घालणार?

तीन वर्षांखालील मुलांच्या बाबतीत हंगेरीतील डॉक्टर एमी पिक्लर यांचे काम मोलाचे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, त्यांनी बुडापेस्टमध्ये लोत्सी या रस्त्यावर आईबापांविना राहिलेल्या बाळांसाठी एक बालगृह चालवायला घेतले. अनाथालयांतील मुलांना अन्न मिळते पण माया मिळत नाही, म्हणून ती खुरटतात, हा त्या काळचा अनुभव होता. पिक्लरबाईंनी दोन नियम घातले. पहिला : जी स्थिती मुलाला स्वतः घेता येत नाही त्या स्थितीत त्याला ठेवायचे नाही. म्हणजे बसता येत नसताना उशा लावून बसवायचे नाही आणि चालता येत नसताना हात धरून चालवायचे नाही. दुसरा : अंघोळ, कपडे, जेवण ही कामे घाईने उरकायची नाहीत. “आता हात बाहीत घालू या” असे दाईने बाळाला सांगायचे आणि बाळ स्वतः हात पुढे करीपर्यंत थांबायचे.

या थांबण्यात बाळाला दोन गोष्टी मिळतात : हात पुढे करण्याची संधी आणि आपल्यासाठी कोणी तरी थांबले आहे ही खात्री. ज्याला ही खात्री असते तेच मूल मांडीवरून उतरून दूर जाण्याचे धाडस करते. माया आणि स्वावलंबन यांचे वैर नाही. मायेच्या पायावरच स्वावलंबन उभे राहते.

मदत करण्याची हौस

आता परातीत हात घालणाऱ्या मुलाकडे वळू. जर्मनीतील लाइपझिग येथील फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या शास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. १८ महिन्यांच्या २४ मुलांसमोर एक अनोळखी माणूस छोट्या अडचणींत सापडे. कपडे वाळत घालताना चिमटा खाली पडे आणि त्याचा हात पोहोचत नसे. किंवा दोन्ही हातांत मासिकांचा गठ्ठा असल्यामुळे कपाटाचे दार उघडता येत नसे. मुलांना कोणी काही सांगितले नाही, खाऊही दाखवला नाही. तरी २४ पैकी २२ मुलांनी एकदा तरी आपण होऊन मदत केली.

दोन वर्षांनी त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. २० महिन्यांच्या ज्या मुलांना मदतीबद्दल प्रत्येक वेळी बक्षीस म्हणून खेळण्यासारखी वस्तू मिळाली, ती मुले बक्षीस बंद झाल्यावर कमी मदत करू लागली. ज्यांना काहीच मिळाले नव्हते त्यांची मदत चालूच राहिली. मदत हीच मुलाला मिळणारी खरी कमाई असते. तेव्हा मेथी निवडायला बसलेल्या आजीजवळ येऊन मूल पाने इकडची तिकडे करते, ते तिच्या कामात मोडता घालण्यासाठी नव्हे. त्याला घराच्या कामात वाटा हवा असतो.

बोर्डीपासून कोसबाडपर्यंत

हे सारे युरोप-अमेरिकेतले झाले. महागडी लाकडी साधने, बुटक्या खुर्च्या हे आपल्याकडच्या गरीब मुलांना कसे मिळणार? हा प्रश्न महाराष्ट्रात फार पूर्वीच विचारला गेला आणि त्याचे उत्तरही इथेच शोधले गेले.

गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केले. तिथे त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक पुढे महाराष्ट्रात आल्या. १९२६ साली स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाचे काम त्यांनी वाढवले. दरम्यान १९३९ साली स्वतः मॉन्टेसरीबाई मद्रासजवळ अड्यारला आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत भारतातच राहिल्या. त्यांनी इथे शेकडो शिक्षक तयार केले. पण शहरातील सुखवस्तू मुलांपुरते हे शिक्षण राहू नये, असे ताराबाईंना वाटत होते. १९४५ साली त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्ह्यातील) बोर्डी या गावी ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र काढले. अनुताई वाघ तेव्हापासून त्यांच्या सहकारी झाल्या.

बालवाडी उघडली, पण पाड्यांवरची मुले तिथे येईनात. आईबाप मजुरीला जात आणि मुले मागे राहत. तेव्हा ताराबाईंनी प्रश्न उलटा केला. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीनेच मुलाच्या अंगणात जावे. यातूनच ‘अंगणवाडी’ ही कल्पना आणि हा शब्द जन्माला आला. विकत आणलेल्या साधनांऐवजी शंख-शिंपले, खडे, पाने, काटक्या, बिया आणि माती वापरली जाऊ लागली. एक ते दहा सेंटिमीटरचे घन नसले तरी लहानमोठे दगड क्रमाने लावता येतातच. क्रम चुकला तर मनोरा कोसळतो आणि चूक मुलाला दिसते. तत्त्व तेच, फक्त साधन गावचे.

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे वारली मुलांची आणखी एक अडचण दिसली. शाळेच्या वयाच्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड असे. ते सोडून ती शाळेत येणार कशी? मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली. तिला ‘विकासवाडी’ म्हणतात. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली, ती ‘कुरणशाळा’. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत.

फायदा मोजायचा कसा?

शास्त्र म्हटले की पुरावा आला. बालशिक्षणाचा पुरावा मिळायला फार वर्षे थांबावे लागते, कारण मूल मोठे व्हावे लागते! अमेरिकेतील मिशिगन राज्यात इप्सिलांटी या गावी १९६२ साली एक प्रयोग सुरू झाला. गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील तीन-चार वर्षांची १२३ मुले घेतली. ५८ मुलांना पेरी बालशाळेत घातले आणि ६५ मुलांना घातले नाही. बालशाळा रोज अडीच तास भरे. शिवाय शिक्षिका आठवड्यातून एकदा मुलाच्या घरी जात. शाळेत मुले आधी आज काय करायचे ते ठरवीत, मग ते करीत आणि शेवटी काय झाले ते सांगत.

पाचव्या वर्षी बुद्ध्यंक ९० किंवा अधिक असलेली मुले बालशाळेच्या गटात शेकडा ६७ होती, दुसऱ्या गटात शेकडा २८. सर्वांना आनंद झाला. पण पुढच्या काही वर्षांत बुद्ध्यंकातील हा फरक जवळजवळ नाहीसा झाला! प्रयोग फसला असेच पुष्कळांना वाटले. संशोधकांनी मात्र या मुलांचा माग सोडला नाही. ती चाळीस वर्षांची झाली तेव्हा वर्षाला २० हजार डॉलरहून अधिक कमावणारे बालशाळेच्या गटात शेकडा ६० होते, दुसऱ्या गटात शेकडा ४०. पाच किंवा अधिक वेळा अटक झालेले अनुक्रमे शेकडा ३६ आणि ५५ होते.

बुद्ध्यंकाची आघाडी विरघळली, तरी काही तरी टिकले. अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणारे जेम्स हेकमन यांनी या आकड्यांचा पुन्हा अभ्यास केला. टिकले ते वागण्याचे गुण, असे त्यांचे म्हणणे आहे. अर्थात १२३ हा आकडा लहान आहे, हे विसरू नये.

उलट बाजूही पाहू. अमेरिकेतीलच टेनेसी राज्यात गरीब घरांतील २,९९० मुलांची अशीच तुलना झाली. तिचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. तेथील सरकारी बालवर्गांत गेलेली मुले सहाव्या इयत्तेत न गेलेल्या मुलांपेक्षा मागे होती. असे का झाले याबद्दल संशोधकांत एकमत नाही. पण एक गोष्ट उघड आहे : लहान मुलाला लवकर शाळेत घातले की झाले, असे मुळीच नाही. त्या शाळेत ते दिवसभर काय करते यावर सारे अवलंबून आहे.

आपल्याकडे हा प्रश्न तातडीचा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला आणि खेळातून शिकण्यावर भर दिला. तरीही अडीच-तीन वर्षांच्या मुलांना ओळीने बसवून पाटीवर अक्षरे गिरवायला लावणारे वर्ग गल्लोगल्ली दिसतात, कारण पालकांना गिरवलेली पाटी दाखवता येते. न सांडता ओतलेले पाणी वहीत दिसत नाही.

करून पाहा

तुमच्या घरी किंवा शेजारी दोन-तीन वर्षांचे मूल असेल, तर मोठ्यांच्या परवानगीने पुढील निरीक्षणे करा. वही, पेन्सिल आणि घड्याळ एवढेच साहित्य लागेल.

१. मुलाला चप्पल स्वतः घालू द्या. किती वेळ लागतो ते रोज लिहा. मध्ये बोलू नका, हात लावू नका. दोन आठवड्यांनी वेळेचा आलेख काढा.

२. ताटलीत दोन लहान प्लॅस्टिकची भांडी ठेवा आणि एकात थोडे पाणी घाला. मूल कितीदा ओतते, किती वेळा सांडते आणि सांडल्यावर काय करते ते टिपा. पुसायला फडके जवळ ठेवा, पण पुसायला सांगू नका.

३. मूल काम करीत असताना घरातील मोठी माणसे तासाभरात किती वेळा मध्ये पडली ते मोजा. ती मदत मुलाने मागितली होती का, हेही लिहा. या तिसऱ्या निरीक्षणात कदाचित सर्वांत अधिक आश्चर्य वाटेल.

काळजीही घ्या. मोकळीक म्हणजे मुलाला एकटे सोडणे नव्हे. गॅस, जिना, गच्ची, पाण्याने भरलेली बादली यांच्यापाशी मूल क्षणभरही एकटे असू नये. घशात अडकतील अशा बिया, मणी, नाणी हाताशी ठेवू नयेत. उताराच्या फळीशेजारी झेलणारा माणूस होता, हे लक्षात असू द्या.

शिक्षकांसाठी एक सूचना. या निरीक्षणांचे आलेख विज्ञानाच्या तासाला फळ्यावर मांडता येतील. निरीक्षण करताना लुडबुड न करणे हा शास्त्रज्ञाचा पहिला धडा आहे, आणि तो शिकायला दोन वर्षांच्या मुलाइतका चांगला विषय सापडणार नाही.

घराला गुंडी लागायला दोन सेकंद हवे असतात. मुलाला ती लावायला शिकण्यासाठी कितीतरी सकाळी हव्या असतात. आपण घाईने गुंडी लावून देतो तेव्हा मुलाच्या त्या दिवसाच्या प्रयोगाचे साहित्यच उचलून नेतो. रोज दहा मिनिटे लवकर उठणे हे बालशिक्षणाचे सर्वांत स्वस्त साधन आहे, आणि ते प्रत्येक घराला परवडते.